मातीवरची आरसी गाडी: कोल्हापुरात टायर आणि अपग्रेड कसे निवडायचे

नवी आरसी गाडी, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी, घेतलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोटर कुठली टाकू?" दुसरा प्रश्न अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टांचा. टायरबद्दल कुणी विचारतच नाही. मातीवर मात्र सगळा खेळ टायरचा. मोटरची सगळी ताकद शेवटी बोटभर रुंद रबराच्या चार ठिपक्यांतून जमिनीत उतरते. तिथंच पकड नसेल तर गाडी धूळ उडवते, वळणावर मागून फिरते, आणि मालक वैतागून आणखी मोठी मोटर मागवतो. मग ती आणखी जोरात फिरते.

मोटर रेसिंगचा नाद कोल्हापूरला नवा नाही. गो-कार्टपासून फॉर्म्युला गाड्यांपर्यंत इथली पोरं पोचलेली आहेत. आरसीमध्ये उतरणाऱ्यांना मात्र माहिती मिळते ती परदेशातल्या ट्रॅकवरची, तिथल्या चिकणमातीवरची नाहीतर कार्पेटवरची. ती जशीच्या तशी आपल्या मुरमावर लावली की पैसे वाया जातात. म्हणून हा लेख. तो फक्त इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहे: १/१० बग्गी, १/१० शॉर्ट कोर्स ट्रक आणि १/८ बग्गी. नायट्रो इंजिनाच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये. इंधन महाग, मिळायला कठीण, आणि इंजिन ट्यून करता करता गाडी चालवायचंच राहून जातं.

१. आधी गाडीची मापं कागदावर उतरवा

टायर चुकीचा येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे माप न बघता फोटो बघून केलेली खरेदी. मागवण्याआधी या गोष्टी लिहून ठेवा:

- गाडीचा स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याएवढी ती आहे: १/१०, १/८, की १/१४ सारखा वेगळाच एखादा.
- रिमचं माप. १/१० बग्गीला साधारण २.२ इंची रिम असते. शॉर्ट कोर्स ट्रकच्या रिमवर "२.२/३.०" असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरची कड २.२ आणि आतली ३.० इंच. १/८ बग्गीची रिम साधारण ८३ मिलिमीटरची.
- हेक्स, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा. १/१० ला बहुतेक वेळा १२ मिलिमीटर, १/८ ला १७ मिलिमीटर.
- टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील. टू-व्हील बग्गीचं पुढचं चाक अरुंद असतं, फोर-व्हीलचं त्याहून रुंद. दोन्हींच्या पाकिटावर "२.२ फ्रंट"च छापलेलं असतं, म्हणून पुढचा शब्द वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका.
- ऑफसेट. रिम आत किंवा बाहेर किती सरकते ते. ऑफसेट चुकला की टायर सस्पेन्शनच्या हाताला नाहीतर बॉडीला घासतो.

ज्यांची गाडी १/१२ किंवा १/१४ ची आहे त्यांना रेसिंगच्या नामांकित टायरांत फारसं काही मिळत नाही. त्यांनी हेक्सचं माप आणि चाकाचा बाहेरचा व्यास जुळवून बघावा, आणि मोठ्या चाकानं गिअरवर काय परिणाम होतो ते सातव्या पायरीत वाचावं.

२. कुठल्या मातीवर पळवणार ते ठरवा

कोल्हापूरकरांना इथं खरोखर डोकं लावावं लागतं, कारण तासाभराच्या अंतरात तीन वेगळ्या माती भेटतात.

पहिली मुरूम. शहराभोवती नवीन प्लॉटिंग पडलेल्या जागांवर, कच्च्या रस्त्यांवर आणि बऱ्याच मैदानांच्या कडेला हाच असतो. खाली टणक थर आणि वर सुटी बारीक खडी. बहुतेक लोकांची गाडी आयुष्यभर यावरच पळते. मुरूम पाणी लवकर सोडतो, त्यामुळे पावसाळ्यात दोन दिवस उघडीप मिळाली तरी गाडी काढता येते. पण तो टायर खातो. मऊ रबराच्या पिनांचे शेंडे मुरमावर बघता बघता झिजतात.

दुसरी काळी माती. पंचगंगेच्या काठाला चिखली-आंबेवाडीकडे आणि पूर्वेला शिरोळ-हातकणंगलेच्या पट्ट्यात ती खोल आहे. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. ओली असताना टायरच्या पिनांमध्ये अशी भरते की दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. अशा वेळी कुठलाच टायर चालत नाही, गाडी पेटीत ठेवावी हे बरं. तीच माती हिवाळ्यात आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारून दाबली आणि सकाळी थोडी सुकू दिली, तर तिच्यासारखी पकड कुठंच नाही. एप्रिलमध्ये मात्र भेगा पडतात आणि पुढचं चाक भेगेत अडकून सस्पेन्शनचा हात तुटतो.

तिसरी तांबडी, जांभ्याची. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं. कोरडी असताना पिठासारखी बारीक धूळ, खाली कडक जांभा. धूळ सगळीकडे शिरते, बेअरिंगमध्ये आधी. दव पडलेल्या सकाळी हीच माती छान बसते.

तांबडी माती म्हटल्यावर कुणीतरी तालमीतल्या मातीचं नाव काढतंच. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या त्या हौद्यात गाडी घालायचा विचार मनातही आणू नका. वस्ताद गाडीसकट तुम्हाला चितपट करतील.

आणि ऊस तोडलेल्या रानात गाडी घालू नका. पाचट ड्राइव्ह शाफ्टभोवती असं गुंडाळतं की सोडवायला ब्लेड लागतं, आणि तोवर मोटर तापून गेलेली असते.

शहरातली मैदानं वापरायची तर आधी विचारा. गांधी मैदान सखल आहे, पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. तपोवनसारख्या मोठ्या मैदानांवर सकाळी चालणारे आणि क्रिकेटवाले असतात. १/८ बग्गी तीन-चार किलोची असते आणि ती पोराच्या पायाला लागली तर हाड मोडू शकतं. रस्त्यावर तर कधीच नको.

३. पिनांचा नमुना निवडा

टायरच्या पाठीवरचे दाणे, ज्यांना सगळे पिनच म्हणतात, त्यांची उंची आणि मधलं अंतर महत्त्वाचं. नियम सोपा आहे. माती जितकी सुटी तितक्या पिना उंच आणि विरळ. माती जितकी कडक आणि बसलेली तितक्या पिना बुटक्या आणि दाट.

मुरमासाठी मध्यम उंचीचे चौकोनी ब्लॉक किंवा पायरीच्या पिना घ्या, म्हणजे बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक. बारीक उंच पिना इथं मुळापासून फाटतात. जांभ्याच्या धुळीवर थोड्या उंच, सुट्या पिना. प्रो-लाइनचा होलशॉट हा सुट्या मातीसाठी बरेच जण वापरतात तो नमुना. नुसतं रानोमाळ पळवायचं असेल, शर्यत नको असेल, तर त्याच कंपनीच्या बॅडलँड्ससारखा मोठ्या ब्लॉकचा टायर घ्या. दाबलेल्या, किंचित ओलसर काळ्या मातीवर दाट बुटके नमुने चालतात, जसे जेकन्सेप्ट्सचे डबल डीज. तोच टायर मुरमावर नेलात तर गाडी बर्फावर असल्यासारखी घसरेल.

टू-व्हील बग्गीच्या पुढच्या चाकाला उभ्या कडांचा, रिबचा टायर येतो. त्या कडा गाडीला आडवं सरकू देत नाहीत, म्हणून स्टिअरिंग नेमकं लागतं. फोर-व्हीलला पुढंमागं एकाच घराण्यातला नमुना ठेवा. पुढं जास्त पकड आणि मागं कमी अशी जोडी लावली की गाडी प्रत्येक वळणावर गिरकी घेते. शंका असेल तर मागच्या टायरची पकड नेहमी वरचढ ठेवा. थोडी सरळ जाणारी गाडी नवख्याला सावरता येते, फिरणारी येत नाही.

४. रबर किती मऊ

एकच नमुना चार-पाच कंपाउंडमध्ये मिळतो, आणि इथं दुकानदारही गोंधळतात. प्रो-लाइनमध्ये एम-२ मध्यम, एम-३ मऊ, एम-४ अतिमऊ. जेकन्सेप्ट्सवाले रंगांची नावं देतात: निळा म्हणजे मऊ आणि जास्त टिकणारा, हिरवा म्हणजे अतिमऊ. रंग फक्त नावात असतो, टायर काळाच येतो. हिरवा मागवला आणि काळा आला म्हणून परत पाठवू नका.

थंड जमिनीवर मऊ रबर, तापलेल्या जमिनीवर कडक. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी एम-३ किंवा निळा छान चिकटतो. मार्चपासून दुपारच्या मुरमावर तोच टायर खोडरबरासारखा झिजतो. तिथं मध्यम कंपाउंड घ्या आणि थोडी पकड कमी मिळेल हे मान्य करा. एम-४ कोल्हापुरात घेऊच नये असं माझं मत आहे. आपल्याकडे ज्या जमिनी आहेत त्यावर तो पैसे जाळतो.

सुरुवातीला दोन सेट पुरतात, मुरमासाठी मध्यम ब्लॉक आणि हिवाळ्यासाठी मऊ पिनांचा. तिसरा सेट घ्यायची घाई करू नका. आधी या दोघांत गाडी कशी बदलते ते हाताला कळू द्या.

५. आतला फोम विसरू नका

टायरमध्ये हवा भरलेली नसते, आत फोमचं कडं असतं. स्वस्त टायरसोबत येतो तो ओपन सेल फोम, स्पंजासारखा. तो पाणी पितो, लवकर बसतो, आणि मग टायरची बाजू रिमवर आपटते. क्लोज्ड सेल फोम कडक, आकार धरून राहणारा आणि पाणी न पिणारा. १/८ ला क्लोज्ड सेलच हवा. १/१० टू-व्हीलच्या पुढच्या चाकाला ओपन सेल चालतो.

वेगात टायर मधून फुगून चाकासारखा न राहता बांगडीसारखा होत असेल, तर फोम बसलेला आहे किंवा टायर फार मऊ आहे. लांब सरळ रस्त्यावर वेगाचा प्रयोग करायचा असेल तर पट्टा असलेले बेल्टेड टायर वेगळे मिळतात. शर्यतीच्या छोट्या ट्रॅकवर त्यांची गरज नाही.

६. टायर चिकटवणं

नवखे लोक चिकटवलेला तयार सेट घेतात, आणि पहिल्या सेटला ते ठीकच आहे. पण स्वस्त तयार सेटचं चिकटवणं अर्धवट असतं. पाकीट उघडल्या उघडल्या अंगठ्यानं टायरची कड रिमपासून ओढून गोल फिरत बघा, जिथं फट दिसेल तिथं पुन्हा थेंब टाका. पुढच्या वेळी स्वतः चिकटवायचं ते असं:

अ) नवीन टायर साबणाच्या पाण्यानं धुवा. साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो. टायरची आतली कड आणि रिमची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रिमची खाच चकचकीत असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा.

आ) हवा बाहेर जायला भोक हवं. बऱ्याच रिमना ते असतं, पण त्यातून धूळ आणि पाणी आत शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. रिमची भोकं टेपनं बंद करून टायरच्या मधोमध समोरासमोर दोन बारीक भोकं पाडली, तर आत गेलेलं पाणी चाक फिरताना बाहेर फेकलं जातं. पावसाळ्यात हे करायलाच हवं.

इ) फोम पिळा न पडता बसवा, टायर चढवा, दिशेचा बाण बघा. डावा-उजवा जोडीनं ठेवून मगच पुढं जा. चार टायर एकाच बाजूचे चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. मग टेबलावर फिरवून डगमगतंय का बघा.

ई) टायरभोवती रुंद रबरबँड लावा म्हणजे कड रिमला दाबून राहते. कड अंगठ्यानं किंचित मागं ओढून पातळ सीए ग्लूचा (सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट चिकटणारा गोंद) एक थेंब, मग समोर, मग दोन बाजूंना. त्यानंतर मधल्या जागा भरा. एक बाजू झाली की पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरी.

फेविक्विक हाही सीए ग्लूच, अडचणीच्या वेळी चालतो. पण छोट्या ट्यूबमधून थेंब आवरत नाही आणि सगळा टायरच्या पाठीवर जातो. हॉबीच्या दुकानातली बारीक नळीची बाटली घ्या.

चपलांना लावतात ते सोल्युशन अजिबात नको. चप्पल लाइनच्या या गावात तो सल्ला कुणीतरी देणारच. चप्पल मिनिटाला हजारो वेळा फिरत नाही. टायर फिरतो, तापतो आणि ते सोल्युशन सोडतं.

आणखी एक धोका फारसा कुणी सांगत नाही. सांडलेला सीए ग्लू सुती कापडानं किंवा कापसानं पुसू नका. सुताशी त्याची रासायनिक क्रिया होऊन कापड भाजण्याइतकं तापतं, धूरही येतो. खिडकी उघडी ठेवा, वाकून डोळे जवळ नेऊ नका.

जुना टायर काढून रिम वाचवायची असेल तर जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात वीसेक मिनिटं ठेवा, चिमट्यानं काढून ओढा, नाही निघालं तर परत. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नये. घरच्यांना आधी सांगा.

७. टायर बदलला, आता गिअर बघा

मोठा टायर म्हणजे गाडीला उंच गिअर लावल्यासारखंच. ८३ मिलिमीटर व्यासाचा टायर काढून ९० चा लावला तर गिअरिंग सुमारे ८ टक्क्यांनी वर जातं. मोटरवर वीस दातांचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, असेल तर तो अठराचा करा, नाहीतर मोटर तापेल. टेम्परेचर गन ठेवा, स्वस्तातलीही चालते. तीन-चार मिनिटं पळवून मोटरचं तापमान घ्या. ७० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर बिनधास्त, ८० च्या जवळ गेलं तर लगेच थांबा आणि पिनियनचा दात कमी करा. जास्त तापलेल्या ब्रशलेस मोटरचं चुंबक कायमचं कमजोर होतं, थंड झाल्यावर ते परत येत नाही. मे महिन्यात हवाच तापलेली असते, हे गणितात धरा.

पिनियन घेताना दातांचं माप जुळवा. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल दिसायला सारखे वाटतात, पण एकत्र चालत नाहीत, मोठ्या गिअरचे दात खाऊन टाकतात. १/८ ला साधारण १ मॉड्यूल असतो. पिनियन बसवताना दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून आवळा, मग पट्टी फिरवून काढा. पट्टीवर नक्षी उठली पण ती फाटली नाही, तर फट बरोबर.

८. अपग्रेड या क्रमानं

टायरनंतर पैसे घालायचे ते या ओळीनं. ओळ मोडायची असेल तर खुशाल मोडा, पण मोटर शेवटीच.

बेअरिंग पहिलं. स्वस्त गाड्यांत आणि काही किटमध्ये चाकाला प्लास्टिकचे बुश येतात, ते धुळीनं घासून मोठे होतात आणि चाक डुलायला लागतं. यासाठी ऑनलाइन मागवायची गरज नाही, उद्यमनगरात जा. मात्र गाडीचं नाव सांगू नका, नंबर सांगा. ५×१०×४ साठी एमआर-१०५, ५×११×४ साठी एमआर-११५, ८×१६×५ साठी ६८८, १०×१५×४ साठी ६७००. शेवटी "झेडझेड" म्हणजे धातूचं झाकण, "टू-आरएस" म्हणजे रबरी सील. आपल्या धुळीसाठी टू-आरएस. ती किंचित जड फिरतात, पण जांभ्याच्या धुळीत झेडझेडपेक्षा जास्त टिकतात. बारीक माप दर वेळी दुकानात असतंच असं नाही, तेव्हा आधी फोन करून जा.

मग तेल. सस्पेन्शनच्या शॉकमध्ये सिलिकॉन तेलच घाला. मशीनचं किंवा इंजिनचं तेल घातलं की आतल्या रबरी ओ-रिंग फुगून शॉक अडकायला लागतात. बाटलीवरचा "वेट" नंबर कंपनीगणिक बदलतो, म्हणून शक्यतो सीएसटीतला (सेंटिस्टोक, तेलाच्या घट्टपणाचं माप) आकडा बघा. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी. १/१० बग्गीला पुढं ३० ते ३५ वेट, मागं थोडं पातळ, ही सुरुवात. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, तेव्हा एक पायरी घट्ट घ्या. उडीवरून आल्यावर गाडीचं पोट जमिनीला आपटत असेल तर घट्ट, खडबडीत जागेवर चेंडूसारखी उसळत असेल तर पातळ. १/८ च्या डिफरन्शियलमध्ये (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) पुढं आणि मध्ये ५,००० ते ७,००० सीएसटी, मागं ३,००० च्या आसपास घालून बघा. थ्रॉटल दिल्यावर पुढची चाकं हवेत भरकन फिरून मागची मरगळत असतील तर मधलं तेल घट्ट करा.

तिसरा सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. तयार गाड्यांतले सर्वो बहुधा प्लास्टिकच्या गिअरचे असतात आणि पहिल्या दगडाला दात सोडतात. मेटल गिअरचा घ्या, १/१० ला १० किलो-सेंटिमीटरच्या वर, १/८ ला २० च्या वर. दोन सापळे आहेत. एक, सर्वोच्या दांड्यावरचे दात: २५, २४ आणि २३ असे तीन प्रकार आहेत, जुना हॉर्न (दांड्यावर बसणारी पट्टी) नव्या सर्वोवर बसत नाही, जबरदस्तीनं बसवला तर गाडी सरळ जात नाही. दोन, स्पीड कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज मोजून देणारा डबा) त्या सर्वोला पुरेसा करंट देतो का ते बघा, नाहीतर वळताना रिसीव्हर बंद पडतो आणि गाडी कुणाच्या तरी भिंतीला भेटते.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल. कोल्हापूरसारख्या लेथ आणि फाउंड्रीच्या गावात हा मोह अवघड आहे, कारण मित्राचा मित्र कुठलाही पार्ट बनवून देतो. शॉकची टोपी, मोटर माउंट, चाकाचा हेक्स हे अ‍ॅल्युमिनियमचे बनवून घ्या, फायदा होतो. सस्पेन्शनचे हात मात्र नको. नायलॉनचा हात धडकेत वाकून परत येतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की तसाच राहतो, आणि वाकला नाही तर धक्का पुढं चेसिसला देतो. स्वस्त तुकड्याऐवजी महागडा तुटतो.

९. बॅटरी आणि चार्जर

बॅलन्स चार्जर (प्रत्येक सेल सारखा भरणारा) असल्याशिवाय लिथियम पॉलिमर बॅटरी विकत घेऊ नका. एका सेलचे ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर. दोन सेलची ७.४ व्होल्टची कडक कवचाची बॅटरी १/१० ला पुरेशी आहे, आणि नवख्याला त्याहून जास्त वेग झेपतही नाही. ५,००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी ५ अँपिअरवर चार्ज करा, चार्जिंगच्या वेळी घरात राहा, फरशीवर ठेवा, गादीवर नको. बॅटरीवर छापलेले "सी" रेटिंगचे, म्हणजे ती किती जोरात करंट देऊ शकते त्याचे, मोठाले आकडे अर्धे मनात धरा.

स्पीड कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायचा पर्याय असतो. तो जुन्या निकेल बॅटरीवर राहिला तर गाडी लिथियम बॅटरी पार रिकामी करते आणि ती मरते. नवी गाडी हातात आली की हे पहिल्यांदा तपासा. फुगलेली बॅटरी टोचून बघायची नाही, दाबून पट्टी लावायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. आणि उन्हाळ्यात बंद चारचाकीच्या डिकीत बॅटरी सोडून रंकाळ्यावर भेळ खायला जायचं नाही.

१०. मागवताना लागणारे कागद आणि पेटीत लागणारी हत्यारं

परदेशातून मागवलेल्या पार्टवर कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागतो. नातेवाइकांनी "गिफ्ट" म्हणून पाठवलं तरी तो चुकत नाही. कुरिअरवाला केवायसी मागतो, तेव्हा आधार किंवा पॅनची प्रत आणि पैसे भरल्याची पावती तयार ठेवा. सुटी लिथियम बॅटरी परदेशातून मागवू नका, विमानानं येताना अडकते. देशातल्या दुकानातून, रस्त्यानं येणारी घ्या. टायर आणि रिम एकाच ऑर्डरमध्ये मागवा, नाहीतर टायर येतो आणि रिम दीड महिना वाटेत असते.

पेटीत हे असू द्या: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर (स्वस्त ड्रायव्हर स्क्रूचं डोकं गोल करतो, इथं कंजुषी नको), चाकाच्या नटासाठी ७ मिलिमीटरचा आणि १/८ साठी १७ चा पाना, व्हर्नियर, टेम्परेचर गन, सीए ग्लू, पॉलिश पेपर, रबरबँड, जुना दात घासायचा ब्रश, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारं) आणि ६० वॅटच्या वरची सोल्डरिंग आयर्न. बॅटरीचा एक्सटी-६० कनेक्टर साध्या २५ वॅटच्या आयर्ननं नीट जोडला जात नाही, जोड थंड राहतो आणि पळताना सुटतो.

११. पाच मिनिटं पळवा आणि टायर वाचा

नवा सेट लावल्यावर सगळी बॅटरी एकदम संपवू नका. पाच मिनिटांनी गाडी उचलून पिना बघा. शेंडे एकसारखे झिजत असतील तर निवड बरोबर. पिना मुळाशी फाटत असतील तर त्या जमिनीसाठी फार उंच किंवा फार मऊ. फक्त मधला पट्टा झिजत असेल तर टायर फुगतोय, फोम बदला. फक्त आतली कड झिजत असेल तर चाक वरून आत फार झुकलंय. हे झुकणं, म्हणजे कॅम्बर, उणे एक ते दोन अंशांच्या आत आणा. पिनांमध्ये माती गच्च भरून राहत असेल तर विरळ नमुना हवा, किंवा जागा सुकायला आणखी एक दिवस द्यायला हवा.

दुसऱ्या गावच्या शर्यतीला जायचं ठरलं तर टायर विकत घेण्याआधी आयोजकांना विचारा. कंट्रोल टायरचा नियम असला तर सगळ्यांना तोच एक नमुना वापरावा लागतो आणि तुमचे सगळे सेट पेटीतच राहतात. कुठला क्लास, १७.५ टर्नची (ठरावीक वेढ्यांची, बेताच्या वेगाची) मोटर की कुठलीही चालते, जमीन पाणी मारून बसवलेली की कोरडी, हेही तेव्हाच विचारून घ्या. शक्य असेल तर ट्रॅकचा फोटो मागवा, जवळून काढलेला, ज्यात मातीचे खडे दिसतील असा.